रक्ताच्या रिपोर्टवर एवढ्या तीन ओळी छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती उठले की रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या आपल्या इंदूरच्या भागांत मंडळांची आरोग्य शिबिरे सुरू होतात. पूर्वी वजन, रक्तदाब आणि साखर एवढेच असे. आता सवलतीच्या दरात लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, असते, कुठे कुठे अख्खे ‘हृदय पॅकेज’ असते. जी मुले पहाटे उठून हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, म्हाताऱ्यांना हात धरून आत आणतात, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. शिबिरे व्हावीत, आणखी व्हावीत. माझी तळमळ त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांविषयी आहे. मी एका सरकारी रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली तंत्रज्ञ. गल्लीत हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे लोक हातात दोन-दोन रिपोर्ट घेऊन आमच्या ओट्यावर येतात आणि विचारतात, “ताई, यातला खरा कोणता?” मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. पण कागदावर आकडा कसा उमटतो ते मी उभ्या नोकरीत पाहिले आहे, आणि तेवढेच वाचकांना सांगायचे आहे.

यंदाचे एक उदाहरण देते. आमच्या समोरच्या काकूंचा शिबिरातला रिपोर्ट असा होता: एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ४४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) १५०, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १३८. एलडीएलचा आकडा ठळक छापलेला. काकूंनी त्याच दिवसापासून तूप, शेंगदाणे, साबुदाणा सगळे बंद केले. पंधरवड्याने दुसऱ्या पॅथॉलॉजीत रक्त दिले. तिथे एकूण कोलेस्टेरॉल २०५, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड २४० आणि एलडीएल ११६. काकू आनंदाने रस्ता ओलांडून आल्या. “पाहिलंस? तूप सोडलं आणि बावीसने उतरलं!”

मी विचारले, आदल्या रात्री जेवण काय होते? भाच्याचा साखरपुडा होता, पंगत उशिरा बसली होती. आणि सकाळी निघताना? अर्धा कप दूध-साखरेचा चहा. तेवढ्याने काय होते, असे त्यांना वाटले होते.

आता हे बावीस कुठून उतरले ते पाहा. आपल्याकडच्या कित्येक रिपोर्टांमधला एलडीएल हा मशीनने मोजलेला नसतोच, तो गणिताने काढलेला असतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. हे फ्रीडवाल्ड यांचे सूत्र, १९७२ सालचे. पहिल्या खेपेला २१२ वजा ४४ वजा ३० म्हणजे १३८. दुसऱ्या खेपेला २०५ वजा ४१ वजा ४८ म्हणजे ११६. रात्रीच्या पंगतीने आणि सकाळच्या चहाने ट्रायग्लिसराइड वर गेले, म्हणून वजा होणारा भाग मोठा झाला, आणि एलडीएल कागदावर खाली आले. त्याच दोन रिपोर्टांत एकूणमधून नुसते एचडीएल वजा करून पाहा: आधी १६८, नंतर १६४. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात, रक्तवाहिन्यांत साचू शकणारे सगळे कोलेस्टेरॉल त्यात येते आणि त्याला उपाशीपोटाची अट नाही. काकूंच्या कोलेस्टेरॉलमध्ये त्या पंधरवड्यात ठामपणे म्हणावे असे काहीच बदलले नव्हते. पहिल्या दिवशीची भीती आणि शेवटच्या दिवशीचा आनंद, दोन्हींना फारसा आधार नव्हता.

ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र वापरूच नये, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेले आहे. एलडीएल खूप कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त असेल तेव्हाही ते फसते. म्हणून २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सुधारित सूत्रे दिली. एलडीएल थेट मोजणारी किटेही आहेत. पण आपल्या हातातला आकडा यांपैकी कोणत्या मार्गाने आला, हे बहुतेक रिपोर्टांवर कुठेच लिहिलेले नसते. पहिला रिपोर्ट सूत्राचा आणि दुसरा थेट मोजणीचा असेल तर त्यांची तुलनाच मुळात चुकीची.

हे झाले गणिताचे. आता मोजणीचे सांगते. प्रयोगशाळेत आमची सकाळ रुग्णांच्या रक्ताने सुरू होत नसे. आधी मशीनला ‘कंट्रोल’ द्यायचे, म्हणजे ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे सीरम (रक्तातला द्रव भाग), एक साधारण पातळीचे आणि एक वाढलेल्या पातळीचे. आलेला आकडा भिंतीवरच्या आलेखात टिंब देऊन नोंदवायचा. टिंब ठरलेल्या दोन रेषांच्या आत पडले तरच पुढचे काम, नाहीतर कॅलिब्रेशन (मशीनची जुळणी) पुन्हा, प्रसंगी रीएजंट (तपासणीचे रसायन) बदल. महिन्याला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या गुणवत्ता योजनेतून नमुना येई, त्याचे उत्तर आम्हाला माहीत नसे. आमचे आकडे देशभरच्या प्रयोगशाळांच्या आकड्यांशेजारी ठेवून ते परत कळवत. एवढे करूनही तीच बाटली, तेच मशीन, तेच हात, आणि आकडा मात्र रोज एक-दोन टक्के इकडे तिकडे. हा निष्काळजीपणा नव्हे. मोजण्याच्या प्रत्येक कामात तो असतोच, आणि चांगली प्रयोगशाळा म्हणजे तो ताब्यात ठेवणारी प्रयोगशाळा.

त्याहून मोठी हालचाल आपल्या शरीराची स्वतःची असते. निरोगी माणसाने खाणेपिणे न बदलता आठवड्या-आठवड्याने रक्त दिले तरी एकूण कोलेस्टेरॉल साधारण सहा टक्के, एलडीएल आठ टक्के आणि ट्रायग्लिसराइड वीस टक्क्यांच्या आसपास आपोआप वरखाली होत राहते. थंडीत ते थोडे चढते, उन्हाळ्यात उतरते. शरीराचा आणि मशीनचा असा दोन्हींचा हिशेब केला तर एलडीएलच्या दोन रिपोर्टांतला फरक सुमारे पाव भागाहून कमी असेल, तर तो खरा बदल आहे असे एका जोडीवरून ठामपणे सांगता येत नाही. म्हणजे १३० नंतर १५० आले किंवा ११० आले, तरी हातात पक्के काही नाही. ट्रायग्लिसराइडमध्ये तर निम्म्याहून मोठा फरक लागतो. मग हे आकडे निरुपयोगी का? मुळीच नाही. १९० आणि ९० यांत गोंधळ होत नाही. दोन-तीन मोजण्यांची सरासरी एका मोजणीहून कितीतरी भरवशाची असते. अडचण फक्त काठावरच्या आकड्यांची आहे, आणि आपल्यातले पुष्कळ लोक काठावरच असतात.

शिबिरातली परिस्थिती यात आणखी भर घालते. माणूस बराच वेळ रांगेत उभा राहून थेट सुईसमोर येतो, की घरी पलंगावर आडवा असताना रक्त काढले जाते, एवढ्यानेही कोलेस्टेरॉलच्या आकड्यात दहा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, कारण उभे असताना रक्तातले पाणी थोडे बाहेरच्या ऊतींत जाते आणि रक्त दाट होते. पाच मिनिटे बसवून रक्त घ्यावे, दंडाचा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त बांधलेला ठेवू नये, हे नियम याच कारणाने आहेत. शीर सापडत नाही म्हणून पट्टा तसाच आवळून ठेवलेला मी पाहिला आहे. साखरेचे रक्त साध्या नळीत ठेवून ती दुपारपर्यंत खोक्यात पडू दिली, तर पेशी नळीतच साखर खात राहतात आणि रिपोर्ट खोटा समाधानकारक येतो. आयोजकांनी पॅथॉलॉजीवाल्याला या तीन गोष्टी आधी विचारल्या तर बरेच काम होईल.

पोहे-जिलेबी खाऊन आलेल्या माणसाला मात्र शिबिरातून परत पाठवू नका. २०१६ सालीच युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी एकत्र सांगितले की नेहमीच्या लिपिड तपासणीला उपाशीपोट अनिवार्य नाही, आणि भारताच्या कार्डिओलॉजिकल सोसायटीने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही पहिल्या चाचणीला तशी सक्ती नाही. खाल्लेले असेल तर तसे कागदावर लिहा आणि नॉन-एचडीएल पाहा. ट्रायग्लिसराइड फार चढलेले दिसले तर मग उपाशीपोटी पुन्हा बोलवा. आमच्याकडे सकाळी उपाशी राहून मधुमेहाची गोळी मात्र घेऊन आलेल्या आजींना चक्कर आलेली मी स्वतः सावरली आहे.

आता पॅकेजमधल्या दोन नव्या नावांविषयी. एक एचएस-सीआरपी. हा शरीरातल्या दाहाचा निर्देशक आहे. १ च्या खाली धोका कमी, ३ च्या वर जास्त, असे २००३ मध्ये अमेरिकेच्या हार्ट असोसिएशनने आणि सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने ठरवून दिले. पण त्याच निवेदनात दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्या, आणि १० च्या वर आले तर आधी संसर्ग शोधा, असेही होते. दुसरा भाग आपल्याकडे कोणी वाचत नाही. पावसाळ्यानंतर इंदुरात घरोघरी ताप-खोकला असतो, नेमकी तेव्हाच शिबिरे. घसा दुखत असताना, दाढ सुजलेली असताना दिलेल्या रक्तात सीआरपी वाढलेलाच येणार. पस्तिशीतल्या एका मुलाला ६.८ आले आणि त्याची आई रडत आमच्याकडे आली. त्याला आठवडाभरापूर्वी ताप होता. महिन्याने ते १.१ झाले. मधला महिना त्या घराने कसा काढला असेल!

दुसरे नाव लायपोप्रोटीन (ए), म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण. याचे उलट आहे. ते मुख्यतः आईवडिलांकडून आलेले असते आणि बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर जवळपास तिथेच राहते. भारतीयांत ते वाढलेले असण्याचे प्रमाण बरेच आहे, म्हणून प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावे असे २०२४ च्या भारतीय मार्गदर्शनात आहे. एकदा. दरवर्षीच्या पॅकेजमध्ये त्याचे पुन्हा पैसे भरण्यात सर्वसाधारण माणसाला काही मिळत नाही.

ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहायला बसवले ती मात्र वेगळी आहे. माझ्या धाकट्या दिरांची काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. रात्रीची अॅटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी चालू होती. शिबिरात एलडीएल ६८ आले, खाली छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा १०० ची. “वहिनी, आता नॉर्मल झालो, गोळी बंद केली,” असे त्यांनी मला दिवाळीच्या फराळाला आल्यावर सांगितले. भाऊजींना त्या कागदाने दोनदा फसवले. एक तर ६८ हे गोळीमुळे होते. गोळी थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल मूळ जागी परत जाते, आणि त्यांचेही १३१ वर गेले. दुसरे म्हणजे, ज्याला हृदयविकार होऊन गेला आहे त्याच्यासाठी १०० ही मर्यादाच नव्हे. भारतीय मार्गदर्शनात अशा रुग्णाचे लक्ष्य ५५ च्या खाली आहे. म्हणजे ६८ वर गोळी बंद करायची नव्हती, उलट डॉक्टरांशी आणखी बोलायचे होते. सुदैवाने त्यांची गोळी पुन्हा सुरू झाली आहे. पण अशी किती घरे असतील जिथे विचारायला वहिनी नाही?

डॉक्टर मंडळींनाही एक नम्रपणे सांगावेसे वाटते. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी साधारण सहा टक्के उतरते, हे आपल्याला माहीतच आहे. शरीराची स्वतःची हालचाल त्याहून मोठी आहे. मग डोस बदलल्यावर केलेल्या एकाच तपासणीत ‘फरक पडला’ किंवा ‘पडला नाही’ असे रुग्णाला सांगणे कितपत योग्य? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या हजारो हृदयरुग्णांवर झालेल्या, प्रवास्टॅटिन या स्टॅटिन गोळीच्या अभ्यासातले आकडे काही संशोधकांनी पुन्हा तपासले. २००८ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला: गोळी नियमित घेणाऱ्यांत पुढच्या काही वर्षांत खरा बदल इतका हळू होतो, की दर थोड्या दिवसांनी मोजल्यावर दिसणारी वाढ बहुतेक वेळा मोजणीतली हालचालच असते. औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांनी तपासणी हवीच, गोळी घेतली जाते आहे ना हे पाहण्यासाठी पुढेही अधूनमधून हवी. पण दर महिन्याला लिपिड करून त्या आकड्याबरोबर घाबरणे आणि सुखावणे, यातून पेन्शनीतले पैसे जातात आणि हृदयाचे काही भले होत नाही.

इथे एक गोष्ट फार स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर माझ्या पत्राचा भलताच अर्थ निघेल. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असे होत असेल तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठायचे. तिथे ईसीजी होतो आणि ट्रोपोनिन नावाची तपासणी होते. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढू लागते. सुरुवातीच्या तासांत पहिला रिपोर्ट साधारण येऊ शकतो, म्हणून एक ते तीन तासांनी ती पुन्हा करतात, आणि दोन आकड्यांतला चढ किंवा उतार हाच निदानाचा आधार असतो. तिथे ‘परत रक्त कशाला काढता’ असे म्हणून नातेवाइकांनी भांडू नये. कोलेस्टेरॉल ही पुढच्या दहा वर्षांच्या धोक्याची गोष्ट आहे, ट्रोपोनिन ही त्या तासाची.

आता माझी मागणी. इंदुरातल्या सर्व पॅथॉलॉजींनी, विशेषतः ज्यांच्या रिपोर्टवर एनएबीएलचे (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे) चिन्ह आहे त्यांनी, लिपिडच्या रिपोर्टखाली तीन ओळी मराठीत आणि हिंदीत छापाव्यात. पहिली: एलडीएल मोजलेले आहे की सूत्राने काढलेले, आणि कोणत्या सूत्राने. दुसरी: शेवटचे खाणे रक्त देण्याच्या किती तास आधी, आणि गेल्या दोन आठवड्यांत ताप वा आजार होता का. तिसरी: मागच्या रिपोर्टपेक्षा एलडीएलमध्ये पाव भागाहून कमी फरक असेल तर केवळ त्यावरून औषध बदलू वा थांबवू नये, डॉक्टरांना दाखवावे. ‘नॉर्मल’ मर्यादेपुढे ‘हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांना ही मर्यादा लागू नाही’ एवढे शब्द जोडले तर माझ्या दिरांसारखी माणसे वाचतील.

एका ओळखीच्या पॅथॉलॉजिस्टना मी हे बोलून दाखवले. ते म्हणाले, “ताई, आकडा हलतो असं आपणच छापलं तर लोकांचा आपल्यावरचा विश्वास उडेल.” मला उलट वाटते. आज काकू दोन पॅथॉलॉजींचे रिपोर्ट शेजारी ठेवतात आणि त्यातली एक लबाड आहे असा निष्कर्ष काढून मोकळ्या होतात. ज्याने आधीच सांगितले की एवढा फरक होतो आणि का होतो, त्याच्यावर त्यांचा विश्वास बसेल. माझ्या नोकरीत नमुना हिमोलाइज झाला, म्हणजे नळीतच तांबड्या पेशी फुटल्या, की आम्ही रिपोर्टवर तसे लिहून पुन्हा रक्त मागवत असू. एकाही नातेवाइकाने त्याबद्दल आम्हाला बोल लावलेला मला आठवत नाही.

तोपर्यंत वाचकांना करता येईल ते साधे आहे. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी रक्त द्या, शक्यतो एकाच वेळेला, तापातून उठल्यावर निदान दोन आठवडे थांबून. काठावरचा आकडा आला तर पंधरवड्याने पुन्हा करून दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवा. जुने रिपोर्ट फेकू नका, तारखेप्रमाणे एका पिशवीत लावून ठेवा; पाच वर्षांचे पाच कागद एका नव्या पॅकेजपेक्षा डॉक्टरांना जास्त सांगतात. आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या, विशेषतः बायकांनी, कारण थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढते आणि मूळ दुखणे तसेच राहून जाते.

संपादक महोदय, आपल्या आरोग्य पुरवणीत शिबिरांच्या बातम्या फोटोसह येतात. त्याच पानावर एकदा एक कोरा नमुना रिपोर्ट छापून प्रत्येक रकान्यासमोर त्याचा अर्थ आणि त्याची हालचाल किती, हे द्यावे, अशी विनंती करते. मजकूर आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. पहिला मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे. माझा पत्ता आणि फोन सोबतच्या कागदावर आहे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
रामबाग, इंदूर
(नाव छापू नये, ही विनंती)